गोडे पाणी

भुसावळच्या फलाटावर रात्री एक गाडी येते. डब्यांवर पाटी असते, 'मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस'. दिल्लीकडून येते आणि नाशिक, पनवेल, कोकण करीत केरळात एर्नाकुलमला जाते. मुलगा पुण्याला शिकायला होता, तेव्हा त्याला रात्रीच्या गाडीवर पोचवायला आम्ही बोदवडहून भुसावळला येत असू आणि ही पाटी हटकून दिसे. एकदा मी ह्यांना विचारले, "लक्षद्वीप स्टेशन कुठंशी आलं हो?"

हे हसले. "अगं, बेटं आहेत ती. भर समुद्रात. तिथे रूळ कुठून येणार?"

"मग गाडीला नाव कशाला दिलं?"

ह्याचे उत्तर ह्यांना तेव्हाही देता आले नाही आणि अजूनही देता आलेले नाही. पण २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच गाडीत बसून आम्ही खरोखरच लक्षद्वीपला गेलो. आम्ही दोघे, मुलगा आणि सूनबाई. बोदवडच्या बाईने समुद्रपर्यटन करावे ही गोष्ट आमच्या गल्लीत अजून कोणाला नीटशी पटलेली नाही. म्हणून म्हटले, लिहूनच काढावी.

त्याआधी आमच्या घरच्या पाण्याविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे काही कळायचे नाही.

आमच्याकडे नळ रोज येत नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी येतो. उन्हाळ्यात पंधरा दिवस होतात, कधी त्याहून जास्त. आला की गल्लीच्या टोकापासून आरोळी उठते, "नय आला व माय!" आणि तव्यावरची भाकरी तव्यावर ठेवून बाया धावतात. माझ्या घरी पाच टिपाडे, दोन पिंपे, एक रांजण, शिवाय हंडे-कळश्या आहेत. लग्नपत्रिका आली तरी आधी बोटांवर मोजायचे, त्या दिवशी नळाची पाळी तर नाही ना? तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला, कपडे पिळलेले फरशीला, फरशीचे संडासात. पाहुण्याला पाणी देताना पेला अर्धाच भरायचा, कमी पडले तर पुन्हा द्यावे, पण उरलेले ओतून टाकायची पाळी येऊ नये. हे सगळे मला सासूबाईंनी शिकवले. मी रावेरकडच्या केळीच्या पट्ट्यातली. माहेरी विहिरीवर मोटर सुरू झाली की पाटाचे पाणी केळीत खळखळत जायचे आणि आम्ही पोरी त्यात पाय सोडून बसायचो. सासरी आल्यावर आठवडाभरात मी केसांवरून दोन तांबे जास्त घेतले, तेव्हा सासूबाई मोरीच्या दारातून म्हणाल्या, "तुह्या माहेरी नदी असीन, अठी टिपाड हाय!"

ते बोलणे मला पस्तीस वर्षे लागून राहिले. आणि तरीही, मैत्रिणींनो, सांगायला लाज वाटते, पण सूनबाईच्या पहिल्या दिवाळीला ती बोदवडला आली, अभ्यंगस्नानाला पुण्याच्या सवयीने बादलीवर बादली घेऊ लागली, आणि माझ्या तोंडून शब्दन् शब्द तेच बाहेर पडले. पाळीचा तो नववा दिवस होता आणि घर पाहुण्यांनी भरलेले. पण म्हणून काय झाले? पोरगी काही बोलली नाही. ओल्या केसांनीच बाहेर आली. त्यानंतर ती बोदवडला आली की न्हायचीच नाही. दोन दिवस राहायची, तसेच केस बांधून परत जायची.

२०१८ चा पावसाळा कोरडा गेला. सरकारने त्या वर्षी महाराष्ट्रातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आमच्या जळगाव जिल्ह्यातले बहुतेक तालुके होते. मुलगा आधीपासून म्हणतच होता, आता हट्टालाच पेटला. "बाबा निवृत्त झाले, आईचे गुडघे गेले. हंडे किती दिवस उचलणार? बोदवडचं घर विका आणि पुण्याला चला. मी खोली तयार ठेवलीय." हे आयुष्यभर जिनिंगमध्ये हिशेब लिहीत आले, त्यांनी मनात बेरीज-वजाबाकी करून टाकली होती. त्यांचा होकार होता. गाठ माझ्यापाशी अडली होती. का, ते मला सांगता येत नव्हते. शेवटी मुलगा म्हणाला, "चला, आधी चार दिवस भटकून येऊ, मग ठरव."

त्याच्या डोक्यात आधी मुंबई-गोवा बोट होती. 'आंग्रिया' नावाची आलिशान बोट ऑक्टोबर २०१८ मध्ये नुकतीच सुरू झाली होती (ती पुढे बंद पडली). पण सूनबाई शाळेत शास्त्र शिकवते. तिने लक्षद्वीप प्रशासनाच्या पर्यटन विभागाची 'समुद्रम्' नावाची सहल शोधून काढली. कोचीहून बोटीने निघायचे, रात्री बोटीवर प्रवास, दिवसा बेटावर. पाच दिवसांत कल्पेनी, मिनिकॉय आणि कवरत्ती ही तीन बेटे. तिथे जायला परवाना लागतो, तो काढावा लागला. मी म्हटले, "चालेल. त्या गाडीच्या पाटीचा एकदाचा निकाल लागू दे."

तर रात्री भुसावळला बसलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचे लोणचे बरोबर होते. दुसरा अख्खा दिवस कोकणातले बोगदे मोजण्यात गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एर्नाकुलम. उतरल्याबरोबर अंगाला चिकट वारा लागला आणि नाकात खोबरेल. कोचीत एक दिवस होता. फोर्ट कोचीची ती मोठाली चिनी जाळी पाहिली, मट्टनचेरीत मिरे-वेलदोड्याच्या वखारींवरून फिरलो. सगळे सांगत बसत नाही. एक मात्र सांगते. बोट सुटते ते विलिंग्डन बेट माणसाने केलेले आहे. १९२० च्या नंतर बंदर खोल करायला रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनिअरने समुद्राच्या तळाचा गाळ उपसला आणि त्या गाळाचेच बेट रचले. हे ऐकून ह्यांना फार आनंद झाला. टाकाऊतून टिकाऊ हा ह्यांचा आवडता विषय.

आमच्या बोटीचे नाव एम. व्ही. कवरत्ती. सातशे माणसे बसतात. चित्रात दाखवतात तशी झुंबरे-बिंबरे नव्हती हो! ही बेटावरच्या लोकांची रोजच्या वापरातली बोट. पर्यटक मूठभर, बाकी सगळी बेटावरची माणसे. कोणी कोचीच्या दवाखान्यातून म्हातारीला घरी नेते आहे, कोणी कॉलेजची पोर सुट्टीला निघाली आहे, कोणी पत्र्याच्या पेट्या, तांदळाची पोती, बाळाचा पाळणासुद्धा. तांदूळ, भाजी, औषध, विटा, सारे किनाऱ्यावरून जायचे. मला एकदम आमची एस. टी. आठवली. फक्त खिडकीबाहेर शेत नव्हते.

आमची खोली चौघांची, वर दोन बाक, खाली दोन. आता विचार करा, ज्या सुनेशी दोन वर्षे मोजून-मापून बोलणे, तिच्यासोबत एका पलंगाएवढ्या खोलीत चार रात्री!

पहिल्याच रात्री समुद्राने आमचे मोजमाप मोडले. बोट मोकळ्या पाण्यात शिरली तशी डुलू लागली. मला काही झाले नाही. झाले ते सूनबाईला. गोळी घेऊनही उलट्या थांबेनात. दोघे पुरुष घाबरून दारात उभे. मी म्हटले, "तुम्ही वर हवेत जा." मग तिचे डोके मांडीवर घेतले, ओव्याचे चार दाणे चघळायला दिले, लिंबू हुंगायला दिले. कडेला जरासे न्हाणीघर होते, तिथे नळ. तिचे तोंड पुसायला रुमाल ओला केला, पिळला, ते पिळलेले पाणी पेल्यात धरले आणि त्याच पाण्याने खालची फरशी पुसून घेतली. सूनबाईने डोळे किलकिले केले. चेहरा पांढराफटक, पण ओठ हलले.

"आई, इथेसुद्धा?"

आणि ती हसली. मग मलाही हसू आवरेना. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी एका गोष्टीला हसलो, आणि ती गोष्ट म्हणजे माझा पाण्याचा कंजूषपणा!

सकाळी कल्पेनी. बोट बेटाला लागत नाही, लांब खोल पाण्यात उभी राहते. कारण बेटाभोवती पोवळ्याच्या खडकाचे कडे असते आणि आत उथळ पाणी. बोटीच्या कुशीतले एक दार उघडतात, खाली छोटी होडी येते आणि त्या होडीत उतरायचे. होडी लाटेवर चार फूट वर, चार फूट खाली. माझे गुडघे तिथेच वितळले. होडीवाला हात धरत नाही, मनगट धरतो. होडी वर आली की ओरडतो, त्या क्षणी पाय टाकायचा, आधी नाही, नंतर नाही. मी दोनदा मागे सरले. मागे रांग खोळंबली. बेटावरची एक म्हातारी, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी, कडेवर नातू घेऊन माझ्या बाजूने सरकली आणि आमच्याकडे बाया बांध ओलांडतात तशी उतरून गेली. त्यानंतर थांबणे शक्यच नव्हते.

आतल्या पाण्याचा रंग मी काय सांगू? मोरपिसाच्या डोळ्याभोवती जो हिरवा-निळा असतो, तो पातळ करून पसरावा तसा. पाण्यात उभे राहिले तर पायाची नखे दिसत होती. हे विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तासभर नुसते उभे राहिले. मुलाने काचेच्या तळाच्या होडीतून पोवळी दाखवली. सगळे सुंदर, पण चाखून पाहिले तर मिठाचे. माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. ही माणसे पितात काय?

दुपारी आम्हाला एका घरी नेले. माडांच्या सावलीत घर, अंगणात पांढरी वाळू, रांगोळीच्या पिठासारखी झाडलेली. घरच्या बाई डोक्यावरून ओढणी घेऊन काथ्या वळत बसलेल्या. नारळाची सोडणे खाऱ्या पाण्याच्या खड्ड्यात महिनोन्महिने कुजत घालतात, मग बडवून तंतू काढतात आणि हातावर पीळ देऊन दोरी वळतात. आमच्याकडे अंबाडीचे तेच करीत. मी शेजारी बसून दोन हात वळून दाखवले, तशा त्या खूश झाल्या. त्यांची भाषा मलयाळमच्या वळणाची, माझी खान्देशी. मध्ये दुभाषी त्यांची कोचीला शिकणारी भाची, तिला हिंदी येत होते.

घराच्या मागे विहीर होती. विहीर कसली, आमच्या आडाच्या मानाने वाटीच. दीड पुरुष खोल असेल नसेल आणि पाणी हाताशी. समुद्र इथून पन्नास पावलांवर. मी बोट बुडवून चाखले. गोडे!

सूनबाईने तिथेच मला समजावले. बेट म्हणजे पोवळ्याची वाळू. पावसाचे पाणी वाळूत मुरते. खाली समुद्राचे खारे पाणी भरलेलेच असते. गोडे पाणी हलके, खारे जड, म्हणून गोडे वर तरंगत राहते. "आई, शेवभाजीवर तर्री तरंगते ना, तसं. वरून अलगद काढली तर तर्री मिळते. पळी खोल घातली की रस्सा." पंप लावून जोराने उपसले, की खालचे खारे वर येते आणि विहीर नासते. म्हणून जुन्या बाया पोहऱ्याने, बेताबेताने काढायच्या. तिथे आमच्यापेक्षा दुपटीहून जास्त पाऊस पडतो, तरी त्यांना थेंब जपावा लागतो, कारण साठवायला जमीनच हातभर.

बाईंनी विचारले, तुमच्याकडे विहीर आहे का? मी नळाचे सांगितले. बारा बोटे दाखवली, म्हणजे दहा दाखवून पुन्हा दोन. भाचीने दोनदा खात्री करून घेतली. मग बाईंनी जे विचारले ते भाचीला हिंदीत सांगताना अवघडल्यासारखे झाले. "मौसी विचारते, समुद्र नाही, पाणी नाही, मग तुम्ही तिथे का राहता?"

अगदी माझ्या मुलाचाच प्रश्न! मी मुलाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या बाईंनाच उलट विचारले, "आणि तुम्ही इथे का राहता?" कारण सकाळीच आम्हाला पूर्वेच्या किनाऱ्यावर पोवळ्याच्या दगडगोट्यांचा लांबच लांब बांध दाखवला होता. १८४७ साली प्रचंड वादळ झाले, समुद्र बेटावर चढला, पुष्कळ माणसे गेली, आणि जाताना त्याने तळातले दगड किनाऱ्यावर आणून टाकले, ते अजून तसेच आहेत. अशा ठिकाणी माणसे पुन्हा राहिलीच ना?

बाई मोठ्याने हसल्या. हातातली दोरी जमिनीवर आपटून काही बोलल्या. भाची म्हणाली, "मौसी म्हणते, हे माझ्या आईचं घर आहे. मी कुठे जाणार?"

मला वाटले, म्हणजे बाई लग्नाच्या नाहीत की काय. तर तसे नव्हे. त्या बेटांवर पूर्वापार रीतच अशी, की मुलगी लग्न होऊन घर सोडत नाही. घराण्याला तरवाड म्हणतात आणि ते आईकडून मुलीकडे चालते. नवरा रात्री बायकोच्या घरी येतो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी जातो. वडिलोपार्जित जमीन, माड, घर, सगळे बाईच्या वंशाने. आता हळूहळू बदलते आहे, नवरा-बायको वेगळे बिऱ्हाडही करतात, पण जुनी रीत ती. आमचे हे म्हणाले, "म्हणजे मी रोज सकाळी आईकडे चहाला?" सगळे हसले. मी हसले नाही. माझ्या मनात आले, की ह्या बाईला आयुष्यात एकदाही कोणी विचारले नाही, की तुझे घर कुठले. मी केळीतले घर सोडून टिपाडाच्या घरी आले, ते टिपाडाचे घर रडत-भांडत माझे केले, तोवर पस्तीस वर्षे झाली, आणि आता तेही सोडून तिसरे करायचे. पाण्यासाठी मला बोदवड सुटत नव्हते असे नव्हेच. पाण्यामुळेच ते माझे झाले होते. प्रत्येक हंडा मी उचललेला.

निघताना बाईंनी खोबरे आणि गुळाचे लाडू दिले, वाळक्या केळीच्या पानात बांधलेले. केळीचे पान पाहून मला भडभडून आले. तिथे बनियन विणायचा एक छोटा कारखानाही आहे, तो पाहिला. सूत बाहेरून येते. हे सूत बोटांत चिमटून बराच वेळ पाहत होते. कापूस आपल्याकडचा असेल का, हा त्यांचा प्रश्न.

मिनिकॉय सगळ्यांत दक्षिणेला, तिथून पुढे मालदीव. भाषाही तिकडचीच, महल नावाची, आणि लिपी उजवीकडून डावीकडे. तिथली पुरुषमाणसे पिढ्यान् पिढ्या जगभरच्या जहाजांवर खलाशी, म्हणून गाव बायाच चालवतात म्हणा ना. गावाच्या मुखियाला बोडुकाका म्हणतात. 'बोडु' म्हणजे मोठा. ह्यांनी लगेच जाहीर केले, की बोदवडचा मी बोडुकाका! इंग्रजांनी १८८५ साली बांधलेला दीपगृहाचा मनोरा आहे, त्यावर मी चढले. पायऱ्या शंभरापर्यंत मोजल्या, पुढे श्वास मोजला. वरून बेट दिसते ते काकडीच्या फोडीसारखे बारीक आणि वाकडे. सुक्या मासळीच्या वासाने मात्र माझे जेवण गेले. दोन केळी खाऊन राहिले.

कवरत्तीला, राजधानीला, शेवटच्या दिवशी. उज्रा मशिदीचे लाकडावरचे कोरीव काम पाहिले, एवढ्याशा बेटावर असले सुतार कुठून आले असतील, असे वाटले. पण मला जे पाहायचे होते ते सूनबाईने आधीच विचारून ठेवले होते. समुद्राचे पाणी गोडे करायचा कारखाना. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली तो उभारला. दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्ती बेटांवरही तसेच झाले. आम्ही रस्त्यावरूनच पाहिला. एक इमारत आणि समुद्रात गेलेली नळी, बाकी काही नाही. पण त्यातली युक्ती ऐका, आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे.

पाणी उकळायला विस्तव लागतो असे आपण धरून चालतो. पण भांड्यातली हवा काढून घेतली, तर पाणी कोमट असतानाच उकळू लागते. कुकरच्या अगदी उलट! कुकरात दाब वाढवतो म्हणून पाणी जास्त तापून उकळते, इथे दाब कमी करतात म्हणून समुद्राच्या वरच्या थराचे अठ्ठावीस अंशांचे पाणीसुद्धा वाफ धरते. मीठ खाली राहते. आता ती वाफ थंड करायला हवी. आपण वरणाच्या पातेल्यावर पाणी घातलेले ताट ठेवतो, ताटाच्या खालून थेंब जमतात ना? इथे ताटातले थंड पाणी म्हणजे समुद्रात साडेतीनशे मीटर खोलवरून आणलेले, तेरा अंशांच्या आसपासचे. वरचे ऊन पाणी, तळचे गार पाणी, दोन्ही त्या समुद्राचेच. पंप चालवायला वीज लागते तेवढी लागते.

जवळच्या सार्वजनिक नळावर बाया कळश्या भरीत होत्या. मी रांगेत जाऊन उभी राहिले! कोणी काही बोलले नाही. माझी बाटली भरून दिली. पाणी अगदी पावसाच्या पाण्यासारखे, चवीला काहीच नाही. माझ्या पुढच्या बाईची कळशी भरली तशी तिने नळ बंद केला आणि तोटीला लोंबणारा थेंब बोटाने टिपून कळशीत झटकला. मी सूनबाईकडे पाहिले. सूनबाई माझ्याकडेच पाहत होती.

त्या रात्री परतीच्या बोटीवर आम्ही दोघी वरच्या डेकवर बसलो. समुद्र शांत होता. मी तिला सासूबाईंचे ते वाक्य सांगितले. मोरी, दोन तांबे, पस्तीस वर्षे, सगळे. माझे स्वतःचे वाक्य काढले नाही, काढायची गरज नव्हती. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, बोदवडची गच्ची केवढी आहे?"

"तीस बाय पंचवीस."

तिने मोबाईलवर हिशेब केला. "म्हणजे सत्तर चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. एका तासात इंचभर पाऊस झाला तर साडेसतराशे लिटर. किती टिपाडं?"

दोनशे लिटरचे एक टिपाड. मला हिशेबाला बोटे लागली नाहीत. "पावणेनऊ."

"ते सगळं आत्तापर्यंत पन्हळीतून गटारात जातंय."

पस्तीस वर्षे मी एकेक तांब्या मोजला आणि डोक्यावरची गच्ची मला कधी दिसली नाही! सासूबाईंनाही दिसली नाही. त्यांच्या वेळी माळवद होते, म्हणून त्यांना तरी माफ.

मुलाला मी कोचीच्या धक्क्यावर उतरण्याआधी उत्तर दिले. घर विकायचे नाही. फेब्रुवारी ते मे आम्ही पुण्याला येऊ, गुडघ्यांचे औषधपाणी तिथेच करू. मृगाच्या आधी परत. आणि घराच्या उताऱ्यावर ह्यांच्या नावाशेजारी माझे नाव घालायचे. हे शेवटचे ऐकून मुलगा चकित झाला. हे झाले नाहीत. म्हणाले, "बोडुकाकाची हरकत नाही."

मुलगा नाराज झाला, अजून थोडा आहेच. त्याचे म्हणणे खोटे नाही. टाकी भरली म्हणून नळ रोज येत नाही, आणि गुडघे तरुण होत नाहीत. हे मला कळते.

परत आल्यावर दोन महिन्यांत अंगणात सिमेंटची टाकी बांधून घेतली, गच्चीच्या पन्हळींना पाइप जोडून त्यात सोडला, मध्ये वाळू-खडी-कोळशाची गाळणी. सूनबाईने कागदावर आकृती काढून पाठवली होती आणि गवंड्याला फोनवरून तीनदा बोलली. ह्या वर्षी दिवाळीला इथेच न्हाईन, असेही त्याच फोनवर म्हणाली, पण गवंड्याला नव्हे.

जूनमध्ये पहिला पाऊस आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. मी तिला फोन लावला आणि फोन पाइपापाशी धरला. आतून पाणी उतरल्याचा आवाज तिला ऐकू गेला असावा, कारण ती ओरडली, "आई, पहिला पाऊस टाकीत घ्यायचा नाही! गच्चीची धूळ असते. बाजूची तोटी उघडा आणि सोडून द्या."

सोडून द्या म्हणे. पाणी!

मी तोटी उघडली, पण खाली दोन टिपाडे लावली. ते पाणी आठ दिवस अंगण आणि संडासाला पुरले. तिला सांगितले नव्हते. आता हे वाचून कळेल.